बाभळीच्या नऊ ओळी

छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा माणूस दिवसभर वाचत असतो, असं लोकांना वाटतं. तो वाचत नाही. त्याला अक्षरं दिसतात, तीही उलटी, आणि नजर पुढच्या अक्षराच्या खणाकडे असते. सांगलीच्या छापखान्यात मी लग्नपत्रिका जुळवल्या, पंचांगं जुळवली, हळदीच्या व्यापाऱ्यांची पत्रकं जुळवली. त्यातलं काय कुणाच्या घरात कसं पोचलं, हे मला कधी कळलं नाही. एकदाच कळलं.

माझं गाव म्हसवडच्या पुढं, माणदेशात. तिसरी-चौथीला आम्हाला जे गुरुजी होते ते मूळचे रहिमतपूरकडचे. मारकुटे नव्हते. पण हातात लाकडी पट्टी असायची आणि ती एका शब्दावर टेबलावर वाजायची. तो शब्द म्हणजे 'मग'.

एकदा मी शाळेत उशिरा गेलो. गुरुजींनी विचारलं तर उभं राहून सांगितलं, "म्हैस सुटली. मग मी हिंडलो. मग ती घावली. मग मी जेवलो. मग शाळंत आलो."

प्रत्येक 'मग'ला पट्टी वाजली. पोरं हसून लोळायला लागली.

"मगांची माळ करून गळ्यात घालू का तुझ्या?" गुरुजी म्हणाले. "म्हैस सुटली कशानं?"

"दाव्याची गाठ सैल हुती."

"गाठ कुणी मारली?"

"म्या."

"मग आता नीट सांग."

"गुरुजी, तुमीबी मग म्हणला!" मागून कोणीतरी ओरडलं. गुरुजींनी स्वतःच्या तळहातावर एक पट्टी मारून घेतली आणि म्हणाले, "फिटलं. सांग रे."

मी म्हणालो, "म्या गाठ सैल मारली म्हणून म्हैस सुटली. म्हैस सुटली म्हणून उशीर झाला."

"आता गोष्ट झाली. पण बघ, चोर कोण निघाला?"

"मीच की."

"म्हणूनच माणसं 'मग मग' करत सांगतात. 'म्हणून' घातला की चोर सापडतो."

तेव्हा मी पोरांबरोबर हसलो होतो.

वडील गेले आणि धाकटी दोन भावंडं होती, म्हणून सहावीत माझी शाळा सुटली. गुरुजींची बदली तोवर दुसरीकडे झाली होती, पण त्यांना कुठून तरी कळलं. ते मला घ्यायला गावी आले. सांगलीतल्या एका छापखान्याचे मालक त्यांच्या ओळखीचे होते, त्यांच्यासमोर मला उभं करून म्हणाले, "ह्याचं शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं आहे." ते खरं नव्हतं. पण त्या एका वाक्यावर मला काम मिळालं, छापखान्याच्या माळ्यावर झोपायला जागा मिळाली, आणि गावाकडची भावंडं शिकली. मी ज्याला माझं आयुष्य म्हणतो ते सगळं त्या वाक्यानंतरचं आहे. आणि तेव्हापासून एक भीतीही बरोबर राहिली, की कधीतरी कोणीतरी म्हणेल, तुला उगाच घेतलं, जा माणदेशात परत. गावाकडं पत्र टाकतानाही मी ते तीनदा वाचायचो, त्यात एखादा ऱ्हस्व-दीर्घ चुकला तर त्यावरूनच कामावरून काढतील, अशा हिशेबानं.

चौसष्ट साल असावं. मी चोवीसचा होतो, चांगला हात बसला होता. गुरुजी निवृत्त होऊन विश्रामबागेत मुलाकडे राहायला आले होते. आठवड्यातून एकदा छत्री टेकत छापखान्यात यायचे, माझ्या केसजवळच्या, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीजवळच्या, स्टुलावर बसायचे, आणि मी काय जुळवतोय ते उलटं वाचून दाखवायचे. त्याचा त्यांना फार अभिमान होता.

आमचे मालक दरवर्षी एक दिवाळी अंक काढत. त्या वर्षी गुरुजींनी गोष्ट दिली. आयुष्यातली पहिली. चौदा पानं, बोरूनं लिहिल्यासारखं अक्षर, आणि एका पानाला टाचणीनं लावलेलं एक चिठोरं, मागाहून सुचलेल्या मजकुराचं. माझ्या हातात देताना म्हणाले, "तूच जुळव. दुसऱ्या कुणाला देऊ नकोस." त्याच आठवड्यात त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. प्रूफ त्यांना बघता येणार नव्हतं, ते मालकांनी बघितलं.

गोष्ट अशी होती. एक तरुण मास्तर भाऊबीजेला थोरल्या बहिणीच्या सासरी जातो. सहा महिन्यांपूर्वी त्यानं बांधाच्या भांडणात बहिणीच्या दिराविरुद्ध साक्ष दिलेली असते. सकाळी बहीण हसून त्याला घरात घेते, पाट मांडते, भोवती रांगोळी घालते आणि पाण्याला जाते. पाण्याहून येते ती वेगळीच होऊन. मांडलेला पाट उचलून भिंतीला उभा करते आणि म्हणते, "मला तुला ववाळायचं न्हाई. आल्या पावली जा. उन्हं हायती तवर जा." भाऊ बाजाराच्या गाड्यांबरोबर भर दुपारी स्टेशनावर जातो आणि तीस वर्षं त्या उंबऱ्याला पाय लावत नाही.

आज मी ती अशी चार ओळींत सांगू शकतो. तेव्हा मात्र चौदा पानं मी अक्षर-अक्षर करून जुळवली होती, गोष्ट म्हणून एकदाही वाचली नव्हती.

अंकाचे शेवटचे फर्मे, म्हणजे जुळवून आवळलेली पानं, यंत्रावर चढवायचे होते त्या दिवशी मालक कागदासाठी कोल्हापूरला गेलेले. दुपारी एका हळदीच्या पेढीचा माणूस जाहिरात घेऊन आला. मालकांनीच कबूल केलेली, गुरुजींच्या गोष्टीच्या शेवटच्या पानाखाली बसवायची. जाहिरात बसेना. नऊ ओळी जास्त होत होत्या.

आमच्यातले थोरले कंपोझिटर, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, डबीतली तंबाखू मळत म्हणाले, "ए माणदेशी, पानं बघत काय बसलायस? पाणी, झाडं, पाखरं असं काय असंल तर काढ. वर्णनाला कोण विचारतंय?"

ट्रेडल यंत्रावर छापणारा गडी ओरडला, "शाई वाळाय लागली गड्या!"

मी जुळवलेल्या मजकुराच्या गॅलीवरून नजर फिरवली. एके ठिकाणी दोन बायका विहिरीवर पाणी भरत होत्या, दोर गुंडाळत होत्या, कुठल्या तरी बाभळीबद्दल बोलत होत्या. मोजल्या. बरोबर नऊ ओळी. टाचणीच्या चिठोऱ्यावरचा मजकूर तो हाच. मागाहून लावलेला, म्हणजे नसला तरी चालेल, असंही मी तेव्हा मनाशी म्हणालो. नऊ ओळी उचलल्या, खिळे परत खणांत सोडले, जाहिरात बसवली. पंधरा मिनिटांचं काम. मालक आल्यावर 'शाब्बास' म्हणाले.

अंक निघाला. छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत मामांनी ती गोष्ट मोठ्यानं वाचली. संपल्यावर अंक मांडीवर ठेवून म्हणाले, "बाई लय खाष्ट. भाऊबीजंचा मांडलेला पाट काढला? दिराविरुद्ध साक्ष दिली म्हणून? सासरची झाली म्हणायची."

"पण सकाळी तर हसत व्हती की," ट्रेडलवाला म्हणाला.

"आरं, पाण्याला गेली तवा कुणीतरी कान भरलं असत्याल. न्हाईतर दिराशीच काय तरी..." मामांनी डोळा मिचकावला आणि सगळे हसले.

माझ्या हातात भाकरी होती, ती तशीच राहिली. तोवर मला वाटायचं की गोष्टीतून नऊ ओळी काढल्या तर गोष्ट नऊ ओळींनी लहान होते. आता दिसत होतं की त्या जागी मामांनी स्वतःचं कारण बसवलं, ट्रेडलवाल्यानं त्याचं. आणि प्रत्येकाला जवळ जे वाईटात वाईट सापडलं तेच त्यानं बसवलं होतं. मी माळ्यावर जाऊन गुरुजींच्या कागदांतून ते चिठोरं काढलं आणि पहिल्यांदा वाचलं. म्हणजे गोष्ट म्हणून वाचलं.

"विहिरीवर शेजारीण कळशीला दोर बांधत होती. म्हणाली, 'तुजा दीर सकाळधरनं वढ्याच्या वाटंला बसलाय. संगं दोगं हायती, कुऱ्हाडी हायती. बाभळ तोडायचीय म्हणतोय.' बहिणीनं कळशी भरली. दोर गुंडाळला. चार पावलं गेल्यावर ती थांबली. ओढ्याच्या वाटेला बाभळ कुठाय? तिथं नुसती घाणेरीची झुडपं. संध्याकाळच्या गाडीला जाणारा माणूस मात्र त्याच वाटेनं जातो. तिनं कळशी खाली ठेवली, परत उचलली, आणि घरी आली."

भाऊ तापट होता. कळलं असतं तर तो तडक ओढ्यावरच गेला असता. म्हणून तिनं सांगितलं नाही. म्हणून पाट काढला. सगळी गोष्ट त्या कळशीवर उभी होती आणि ती मी काढून घेतली होती.

पंधरा दिवसांनी गुरुजी आले. एका डोळ्यावर हिरवी पट्टी. स्टुलावर बसले, पण काही वाचून दाखवलं नाही. म्हणाले, "ती गोष्ट माझीच आहे रे. तो मास्तर मी."

मी खिळे उचलत राहिलो.

"तीस वर्षं मी समजत होतो की आक्का सासरची झाली. गेल्या वर्षी एका लग्नात तिची ती शेजारीण भेटली, म्हातारी झालेली. तिनं विहिरीवरचं सांगितलं. तेव्हा मला कळलं की मी जिवंत आहे तो कशामुळं. आक्कापुढं जायला तोंड नव्हतं. म्हटलं, गोष्ट लिहू. तिला वाचता येत नाही, पण नातू वाचून दाखवील, तिला कळेल की मला कळलंय. नातवानं वाचली. आक्कानं निरोप पाठवला, 'आजून पाटच धरून बसलायस व्हय रं?'"

मग त्यांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता, रागाचा मागमूस नव्हता. "एक चिठोरं होतं बघ, टाचणीनं लावलेलं. ते आलं होतं ना तुझ्याकडं?"

चिठोरं वाचल्यापासून माझ्या सदऱ्याच्या खिशातच होतं. त्यांच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर. शेजारच्या खोलीत मालक होते, दार उघडं होतं. मी म्हणालो, "न्हाई गुरुजी. तुम्ही दिलं तेवढं सगळं लावलं."

"असं?" ते म्हणाले. मान हलवत राहिले. "मग माझ्याच हातून राहिलं. मला मात्र टाचणी लावल्याचं लख्ख आठवतंय रे. टाचणी बोटाला टोचली, तेही आठवतंय." आणि ते आपलं बोट बघायला लागले.

त्या बोटाकडे मी बघू शकलो नाही.

"जाऊन समक्ष सांगा की तिला," मी म्हणालो.

"आता सांगितलं तर सारवासारव वाटेल. छापून एक आणि तोंडानं एक."

पुढच्या सुट्टीला मी कऱ्हाडमार्गे रहिमतपूरला, आक्कांच्या सासरी, गेलो. घर विचारत विचारत पोचलो तेव्हा म्हातारी सोप्यात घेवड्याच्या शेंगा सोलत बसली होती. छापखान्यातून आलोय म्हटल्यावर म्हणाली, "आता आणि काय छापायचं राह्यलंय?"

"आवं आजी, एवढं ऐका." मी चिठोरं वाचलं.

तिचे हात चालूच होते. "परत वाच," म्हणाली. मी परत वाचलं. "कळशी खाली ठिवली व्हती, ते त्याला कुणी सांगितलं?"

"तुमच्या शेजारणीनं. गेल्या वर्षी."

"म्हंजे ठावं झालंय त्याला." ती सोलत राहिली, पण आता दाणे टरफलांच्या ढिगात पडत होते आणि टरफलं सुपात. "म्या का हाकललं ते मला ठावं हाय. त्येला ठावं हाय का, एवढंच मला कळंना झालतं." नाक पुसून म्हणाली, "मग ह्ये त्यात छापलं का न्हाई?"

"छापखान्यात राहून गेलं."

"छापखान्याला हात असत्यात व्हय रं?"

गाठ कुणी मारली, असं गुरुजींनी विचारलं होतं तेव्हा माझ्या तोंडून चटकन 'म्या' निघालं होतं. आता वेळ लागला. "मी गाळलं," मी म्हणालो. "जागा नव्हती. हळदीची जाहिरात आली."

"हळद!" ती हसायलाच लागली. "तीस वरसं माज्या तोंडाला काळं, आन तू वर हळद लावलीस!" हसता हसता थांबली. "त्याला काय सांगितलंस?"

"चिठोरं आलंच न्हाई म्हणालो."

"आन त्यानं?"

"त्यांना वाटतंय त्यांच्याच हातून राहिलं. विसरायला लागलो असं वाटतंय त्यांना."

तिनं सूप बाजूला ठेवलं. "ह्ये वंगाळ केलंस. वळी गाळल्यास त्ये चालंल एक वेळ. त्येचं डोस्कं कशाला गाळलंस? म्या न्हाई सांगायची त्याला. माज्या वाटणीचं झाकून ठिवून झालं. तुजं तू सांग. आन त्याला म्हणावं, पाट मांडलाय. दिवाळीची वाट बघू नगं."

सांगलीला येऊन मी गुरुजींना एवढंच सांगितलं की आक्कांकडे जाऊन आलो, विहिरीवरचं तोंडी सांगितलं, त्यांनी बोलावलंय. गुरुजींनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "माझं राहिलेलं पान तू भरून काढलंस," म्हणाले. त्यांचे हात ऊबदार होते. मला ते सोडवून घ्यावेसे वाटले.

डोळ्याला नीट दिसत नव्हतं म्हणून त्यांना घेऊन मीच रहिमतपूरला गेलो. संक्रांतीच्या आधीचे दिवस होते, भाऊबीज कधीच होऊन गेलेली. आक्कानं पाट मांडला होता, भोवती थोडी वाकडी रांगोळी. गुरुजी बसले, डोक्यावर टोपी घातली. निरांजनाचं ताट घेऊन ती पुढं आली तेव्हा गुरुजी म्हणाले, "ते एक चिठोरं माझ्याच हातून राहिलं बघ, आक्का. वय झालं. आता ह्या डोक्याचा भरवसा नाही."

ताट तिच्या हातात थांबलं. तिनं त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलं. मी दाराशी उभा होतो. ज्योत हलत होती. इतकी सोपी वेळ पुन्हा येणार नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं.

"गुरुजी," मी म्हणालो.

त्यांनी वळून बघितलं. "काय रे?"

मला माळा दिसला, खिळ्यांच्या केस दिसल्या, मालकांचं उघडं दार दिसलं. "गाडीची वेळ..." मी म्हणालो.

"ववाळून तरी हुं दे," आक्का म्हणाली आणि ताट फिरवायला लागली. परत माझ्याकडं बघितलं नाही. निघताना माझ्या हातात घेवड्याचं गाठोडं दिलं, ते मात्र नेहमीच्या पाहुण्याला द्यावं तसं.

भाऊ-बहीण पुढं एकमेकांकडं जात राहिले. तेवढं झालं, आणि त्यासाठी मला आजही कधी कधी बरं वाटतं, आणि बरं वाटल्याची लाज वाटते. कारण गुरुजींकडे दुसरी एक गोष्ट होती, निम्मी लिहिलेली. ते ती लिहायला बसत, मग पानं मोजत. सुनेला मोजायला लावत. टाचलेलं सोडून परत टाचत. एकदा मी विश्रामबागेत गेलो तर वही बांधून ठेवलेली. म्हणाले, "लिहायला बसलं की वाटतं, ह्यातून मुख्य तेच निसटलं तर? आणि आपल्याला कळलंच नाही तर?" वही माझ्याकडं सरकवली. "तू बघ जमलं तर. तुझं डोकं शाबूत आहे."

ती वही मी घेतली. पुढं मी चार गोष्टी लिहिल्या, छापूनही आल्या. लोक विचारतात, सहावीत शाळा सुटलेल्या माणसाला कथानकाचं एवढं कसं सुचतं. मी गुरुजींचं नाव सांगतो. ते खरं आहे, आणि त्यात नऊ ओळी कमी आहेत.

ते गेले तेव्हा अडुसष्ट साल होतं. भेटायला माणसं येत होती, मीही जाऊन बसलो. छापखान्याचे मालक आले होते. त्यांनी हळहळून विचारलं, "एक गोष्ट काय सुंदर दिली होती हो आम्हाला. पुढं का नाही लिहिलं?"

गुरुजींचा मुलगा म्हणाला, "डोळ्याचं ऑपरेशन झालं ना. मग लिहिणंही सुटलं."

सगळ्यांनी माना हलवल्या. मला टेबलावर वाजलेली पट्टी ऐकू आली. त्या 'मग'च्या जागी कुठला 'म्हणून' यायला हवा होता, ते त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं, आणि चिठोरं तेव्हाही माझ्या खिशात होतं. समोर चहाचा कप आला. मी घेतला.